आठ फुटी मरीन टँकसाठी मासे ज्यांच्याकडून घेतले त्या दुकानाबद्दल, जरा सविस्तर

दीड वर्षात मी या दुकानात नऊ वेळा गेले आणि त्यातल्या चार वेळा एकही मासा न घेता पुण्याला परत आले. चारही वेळा मासा समोर काचेत पोहत होता, पैसे पर्समध्ये होते, पण दुकानवाल्या काकांनी दिला नाही. तरी पाच स्टार देतेय, अर्धा कापायची सोय असती तर कापला असता, तो कशासाठी ते पुढे येईलच. रिव्ह्यू मोठा होणार आहे कारण मोठ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे कुठले टाकायचे यावर मराठीत मला धड काही वाचायला मिळालं नव्हतं, आणि जे काही शिकले ते बरंचसं याच दुकानात ओल्या फरशीवर उभं राहून शिकले.

आधी टाकीचं सांगते म्हणजे पुढचं समजेल. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच, खालची फिल्टरची टाकी, म्हणजे संप, धरून साधारण 1500 लिटर पाणी. नुसतं पाणीच दीड टन झालं, काच, स्टँड आणि दगड वेगळे, त्यामुळे आमचं घर तळमजल्यावर नसतं तर मी हा विषय काढलाच नसता. पुण्यात समुद्र नाही तेव्हा आरओचं पाणी आणि त्यात विकतचं मरीन सॉल्ट, लिटरला 35 ग्रॅम धरलं तर पहिल्या भरणीलाच पन्नास किलोच्या वर मीठ गेलं. माझ्या डोक्यात ही टाकी चौथीपासून होती. शाळेची सहल मुंबईला गेली होती, मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय, 1951 सालचं, आतमध्ये अंधार आणि काचेमागे उजेड, आणि बाई पुढे चला पुढे चला म्हणत होत्या आणि मी एका पिवळ्याकाळ्या माशासमोरून हलत नव्हते. तेव्हापासूनचं आहे हे.

टाकी नवी होती तेव्हा मी मासे दुसऱ्या एका दुकानातून घेतले होते, नाव घेत नाही. एकाच दिवशी सात मासे. एक ब्लू टँग, दोन डॅम्सेल, दोन क्लाउन, एक कॉपरबँड बटरफ्लाय आणि एक मँडरीन. एवढी मोठी टाकी आहे मॅडम, बिनधास्त टाका, असं सांगितलं आणि मी टाकले. पाचव्या दिवशी ब्लू टँगच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, मग क्लाउनवर, मग सगळ्यांवर. कॉपरबँड मात्र त्या आजाराने गेला नाही, त्याने तोंडात काही घेतलंच नाही, ती लांब चोच दगडाच्या फटीत घालायचा, थांबायचा, बाहेर काढायचा, पुढच्या फटीकडे जायचा, दिवसभर तेच, आणि मी वरून फ्रोझन खाणं टाकत राहायचे ते त्याच्या डोक्यावरून वाहत जायचं. अकराव्या दिवशी सातातला एक डॅम्सेल उरला. त्या आठवड्यात मी टाकीचा लाइट लावला नाही, बघवत नव्हतं.

ते ठिपके म्हणजे मरीन इच. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी आहे, माशाच्या अंगावर काही दिवस राहतो, मग गळून खाली पडतो, वाळूवर दगडावर गाठ करून बसतो आणि त्या गाठीतून शेकडोंनी बाहेर पडून परत मासा शोधतो. म्हणून ठिपके गेले की मासा बरा झाला असं आपल्याला वाटतं आणि आठवड्याभरात दुप्पट होऊन येतात. मोठ्या टाकीत औषध ओतता येत नाही, ते औषध कॉपरचं, त्याने कोळंब्या आणि गोगलगायी मरतात आणि दगड कॉपर शोषून घेतात. मग उरतं एकच, सगळे मासे बाहेर काढायचे आणि टाकी 76 दिवस माशांशिवाय चालू ठेवायची म्हणजे परजीवीला खायला कोणी मिळत नाही. मी तो एकटा डॅम्सेल प्लास्टिकच्या मोठ्या टबात हलवला आणि दिवस मोजायला लागले. त्या 76 दिवसांत कोणीतरी सांगितलं की ठाण्यात एक काका आहेत, त्यांच्याकडे एकदा जाऊन ये.

दुकान साधं आहे. गल्लीतलं, आत गेलं की पंपांचा आवाज आणि खाऱ्या पाण्याचा वास, फरशी कायम ओली. पुढच्या भागात विकायचे मासे, आणि मागे पडद्याआड दुसरी खोली, तिथे वाळू नसलेल्या उघड्याबोडक्या टाक्या, प्रत्येकीत पीव्हीसी पाइपचे तुकडे मासे लपायला, काचेवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिलेली. शिपमेंटमधून आलेला मासा आधी मागे जातो, तिथे किमान तीन-चार आठवडे राहतो, औषधपाणी होतं, खायला लागतो, मगच पुढे येतो. एक दोनशे पानी वही आहे, शाळेची असते तसली, त्यात प्रत्येक माशाची नोंद. मी गेले तेव्हा काकांनी मला काय हवंय हे विचारलंच नाही, टाकी किती दिवस रिकामी आहे हे विचारलं.

"एकोणतीस दिवस झाले," मी म्हटलं.

"मग 76 होऊ देत ताई. तोवर या, बघा, मासा खातो कसा ते बघा. घेऊ काही नका."

ही पहिली फेरी. पुण्याहून ठाणे, जाऊन येऊन सगळा रविवार गेला आणि हातात काही नाही, पण मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू, कारण पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या टाकीचा विचार माझ्या पाकिटाच्या आधी केला होता.

दुसऱ्या फेरीला सासूबाई बरोबर आल्या, त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं म्हणून. सासूबाई अलिबागच्या, आयुष्यभर मासे निवडून घेतलेले, पण खायचे. पुढच्या एका टाकीत बोटाएवढा पांढरा मासा होता, अंगभर काळे गोल ठिपके, हातापायाने पोहल्यासारखा डुलत चाललेला, इतका गोड की मी तिथेच थांबले. पँथर ग्रुपर लिहिलं होतं. सासूबाईंनी चष्मा वर केला, काचेला नाक लावलं आणि म्हणाल्या, "अगं हे तर हेकरूचं पिल्लू. तोंड बघ ना केवढं आहे. हे तुझ्या घरात मावायचं नाही." काका आतून बाहेरच आले. "मावशी बरोबर बोलल्या," म्हणाले आणि मला भिंतीकडे घेऊन गेले. भिंतीवर शिवणकामाची टेप खिळ्यांनी आडवी ठोकली आहे आणि जागोजागी पेनाने माशांची नावं. क्लाउन दहाच्या आसपास. फॉक्सफेस पंचवीसला. ब्लू टँग तीसला. एम्परर एंजल चाळीसला. आणि पँथर ग्रुपर सत्तरला, टेपच्या जवळजवळ निम्म्यावर. अडीच फूट रुंदीच्या टाकीत सत्तर सेंटिमीटरचा मासा वळणार कसा, आणि त्या तोंडात जे जे बसेल ते तो गिळणार. दुकानात सगळेच मासे बोटाएवढे दिसतात, ही टेप प्रत्येक दुकानात असायला हवी असं मला मनापासून वाटतं. मला माझा आधीचा ब्लू टँग आठवला, तो मला पाच सेंटिमीटरचा म्हणून विकला होता आणि मोठा किती होतो हे मी विचारलंही नव्हतं.

निवड कशी करायची याबद्दल काकांचा पहिला प्रश्न असतो, टाकी शांत हवी की मारकुटी. दोन्हींत मासे देखणे आहेत पण मधलं काही होत नाही. लायनफिश, ट्रिगर, मोरे ईल, ग्रुपर ही मारकुटी मंडळी, त्यांच्यात क्लाउन आणि क्रोमिस टाकले तर ते त्यांचं जेवण. पिकासो ट्रिगर एवढा सुंदर मासा आहे की मी दोन वेळा त्याच्यासमोर बसले होते, पण तो कोळंबी, खेकडे, शंख सगळं दातांनी फोडतो आणि मोठा झाला की शेजाऱ्यांचे पर कुरतडतो. मी शांत टाकी ठरवली. ठरवलं आणि अर्धी यादी आपोआप गळाली, हे एकदा केलं की बाकीचं सोपं जातं.

दुसरं, मासा दाखवताना काका रंगाबद्दल बोलतच नाहीत. समोरून नको बघू, वरून आणि मागून बघ म्हणतात. डोक्यामागे मानेवर खाच पडली असेल, पोट आत गेलं असेल तर मासा उपाशी आहे, कितीही चमकत असला तरी. कल्ले किती जोरात हलतायत ते बघायचं, शेजारच्या त्याच जातीच्या माशाशी ताडून. पर आवळून धरलेत का, एकाच कोपऱ्यात तोंड करून उभा आहे का, दगडाला अंग घासतोय का. आणि शेवटचं म्हणजे समोर खाऊ घालून दाखवा असं म्हणायचं, जो दुकानदार याला कां कूं करेल तिथून निघायचं. इंडोनेशिया, फिलिपिन्सकडे काही ठिकाणी अजूनही सायनाइड मारून मासे पकडतात, असा मासा सुरुवातीला ठीक दिसतो, खातोही, आणि काही आठवड्यांनी काही कारण न दिसता जातो, त्यामुळे दुकानात महिनाभर राहिलेला मासा हा त्याच किमतीच्या कालच आलेल्या माशापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. त्यांचे दर बाजारापेक्षा चढे आहेत, खोटं बोलणार नाही, तोच मासा दुसरीकडे हजार-पाचशेने कमी मिळतो. मी मेलेल्या सहा माशांचा हिशेब केला आणि चढा दर द्यायला शिकले.

आता एम्परर एंजलची गोष्ट, कारण या दुकानाबद्दल एकच सांगायचं झालं तर मी ही सांगेन. लहानपणी हा मासा गडद निळा असतो आणि त्यावर पांढरी वर्तुळं, एकात एक, शेपटीपाशी केंद्र असलेली. मोठा होताना ती वर्तुळं विरत जातात आणि निळ्यावर पिवळे आडवे पट्टे येतात, डोळ्यांवर काळा बुरखा, जणू दोन वेगळे मासे. तिसऱ्या फेरीत तो मला मागच्या खोलीत दिसला, आठेक सेंटिमीटरचा. मी म्हटलं हाच. काकांनी वही उघडून माझ्यापुढे धरली, आधी दिवसाचा आकडा, पुढे खाणं (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, मायसिस म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव). लिहिलं होतं, "एम्परर लहान. 1 ते 6 काही नाही. 7 तिसऱ्या उघडून दिल्या, दोन टोचे. 9 मायसिस, थुंकलं, परत घेतलं. 10 मायसिस खाल्लं." आज बारावा दिवस होता. काकांनी एक तिसरी सुरीने उघडली, अर्धा शिंपला तळाशी ठेवला आणि आम्ही दोघं बाजूला सरलो. मासा पाइपातून बाहेर आला, शिंपल्याभोवती एक चक्कर, दुसरी चक्कर, एका डोळ्याने आमच्याकडे बघतोय असं वाटत होतं, मग मान खाली करून एक टोचा, मागे, परत टोचा, आणि मग तो तुटूनच पडला, शिंपला तळावर खडखड वाजायला लागला. माझ्या घशात आवंढा आला. "आता द्या ना," मी म्हटलं. काका म्हणाले, "अजून नोरी खात नाही ताई. नुसत्या मांसावर एंजल ठेवायचा नाही. महिनाभराने या." निम्मे पैसे भरून ठेवले, पावती दिली, महिन्याने गेले तेव्हा तो क्लिपला लावलेली नोरी, म्हणजे ते सुशीला लावतात ते वाळवलेलं समुद्री शेवाळ, फाडून खात होता. आज तो माझ्याकडे अकरा महिने आहे आणि कल्ल्यांच्या मागे पहिला पिवळेपणा दिसायला लागलाय, बारीक, केसासारखा, रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी तेवढंच बघते.

बाकीचे मासे त्यांच्या क्रमाने सांगते, कारण क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात गरीब स्वभावाचे आधी, दादागिरी करणारे शेवटी, म्हणजे जागा आधीच वाटली गेलेली असते.

पहिले क्लाउन, जोडी. हे समुद्रातून पकडलेले घ्यायची गरजच नाही, हॅचरीतले मिळतात, खायला लगेच लागतात, टाकीची सवय असते. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनची पैदास कधीच जमवली आहे आणि आपल्या ऐरोलीतही खारफुटीवाल्यांच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनची हॅचरी सुरू झाली, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. दोन लहान घेतले की पुरे, नर-मादी शोधायची भानगड नाही, सगळे नर म्हणूनच जन्मतात आणि दोघांतला जो वरचढ होतो तो मादी होतो. आमची मादी आता नराच्या दीडपट आहे आणि डाव्या कोपऱ्यातला एक दगड तिचा आहे, माझा हात गेला तरी चावते.

मग क्रोमिस, ते हिरवट निळे. दुकानात पन्नास एकत्र असतात तेव्हा ढगासारखे दिसतात. मी नऊ घेतले, आज सहा आहेत. काकांनी आधीच सांगितलं होतं की हे एकमेकांना कमी करत जातात, घोळका फार दिवस राहत नाही, तसंच झालं. परत घेणार नाही. आठ फुटी टाकीला घोळका हवा असतो हे खरं आहे, पण कमकुवत माशाला बाकीचे कोपऱ्यात दाबतात ते बघणं मला जड गेलं.

हेनिओकस तीन. पाठीवर लांब पांढरा तुरा, काळे पांढरे पट्टे, पिवळी शेपटी. खरं तर मला मूरिश आयडॉल हवा होता, चौथीतला तो पिवळाकाळा मासा बहुतेक तोच असणार. काका म्हणाले आयडॉल महिनोन्‌महिने खातो आणि एक दिवस सोडून देतो, अनुभवी लोकांकडेही टिकत नाही, हेनिओकस घ्या, दिसायला भाऊच आहे आणि पहिल्या दिवशी जेवतो. घेतले. पहिल्या दिवशी जेवले. तिघं मिळून टाकीच्या मध्यभागी तुरे एका दिशेला करून उभे राहतात तेव्हा येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्यांच्याकडेच जातो. बटरफ्लायच्या जातीत बरेच मासे प्रवाळाचेच कोंब खाऊन जगणारे असतात, ते आपल्या टाकीत उपाशी मरतात, त्यामुळे या घराण्यातलं काहीही घेताना हेनिओकस किंवा रॅकून याच्यापलीकडे मी तरी जाणार नाही. आणि कॉपरबँड, ज्याला कोणाला घ्यायचा असेल त्याने आधी दुकानात तो खाताना डोळ्यांनी बघावा, इतकंच म्हणेन.

फॉक्सफेस एक, पिवळाजर्द, टाकीतलं शेवाळ चरणारा. याच्या पाठीच्या काट्यांत विष असतं, हात घालताना लक्ष ठेवायचं. पहिल्या रात्री मी अकरा वाजता लाइट लावला तर मासा पिवळा नव्हताच, तपकिरी डागाळलेला, दगडाला टेकून पडलेला, मी घाबरून काकांना फोन लावला, उचलला नाही (यावर पुढे बोलते), सकाळी बघते तर पुन्हा पिवळाजर्द. रात्री आणि भीती वाटली की तो असाच रंग बदलतो. नवा घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवा म्हणजे माझ्यासारखी रात्र जाणार नाही.

सेलफिन टँग एक, हिंदी महासागरातला, पर उघडले की ताटाएवढा दिसतो. टँग सगळे शेपटीपाशी वस्तऱ्यासारखा काटा बाळगतात, जाळीत अडकतो, म्हणून यांना जाळीने नाही, प्लास्टिकच्या डब्याने उचलायचं, दुकानात तसंच उचलतात. यलो टँगचा विचार केला होता पण तो हवाईचा, तिथल्या न्यायालयाने 2017 साली पर्यावरणाच्या अभ्यासाशिवाय पकडायचे परवाने देता येत नाहीत असं सांगितल्यावर भाव चढत गेले. आता त्याचीही पैदास होते, हवाईतच 2015 मध्ये पहिल्यांदा जमली, त्यामुळे कधीतरी हॅचरीतला यलो टँग परवडेल तेव्हा घेईन.

मेलानुरस रास एक होता. हिरव्या-गुलाबी नक्षीचा, रात्री वाळूत शिरून झोपणारा. चूक माझी, वरच्या जाळीला पाइपापाशी चार बोटं फट राहिली होती, सकाळी फरशीवर सापडला, वाळलेला. हे मासे उडी मारतात, सगळं झाकायचं, चार बोटंसुद्धा नाहीत. काकांना सांगितलं तर ओरडले नाहीत, पण पुढच्या वेळी जाळीचा फोटो दाखवा मगच दुसरा देतो म्हणाले. अजून दिलेला नाही.

मी तिथे असताना एक जोडपं आलं, त्यांना समुद्रघोडे हवे होते. काकांनी शांतपणे सांगितलं की समुद्रघोड्याला 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, वाघाला जो कायदा तोच याला, मी ठेवत नाही आणि कोणी देतो म्हटलं तरी तुम्ही घेऊ नका. कडक प्रवाळांचंही तेच आहे. माझ्या टाकीत म्हणूनच प्रवाळ नाहीत, दगड सिरॅमिकचे, आणि वर्षभरात त्यांच्यावर जांभळट थर चढून ते इतके खरे दिसतात की कोणाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

खाण्याचं त्यांनी मला लिहून दिलं तेच चालवते. कोळंबी सोलून, माकुल, तिसऱ्यांचं मांस, भिजवलेली नोरी, सगळं बारीक करून, चाळणीत गोड्या पाण्याने धुऊन, झिपच्या पिशवीत पातळ थापून फ्रीजरला. रोज तुकडा मोडायचा. मसाला लावलेलं किंवा मीठ लावून ठेवलेलं चालत नाही. मासळी बाजारात माझी कोळीण आता विचारते, माणसांसाठी की त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासाठी म्हटलं की सकाळची ताजी काढून देते.

पॅकिंगला पैकीच्या पैकी. प्रत्येक मासा वेगळ्या दुहेरी पिशवीत, ऑक्सिजन भरून, थर्मोकोलच्या खोक्यात, मध्ये वर्तमानपत्र. निघताना माझ्या टाकीचा खारटपणा विचारतात आणि आदल्या आठवड्यापासून माशाचं पाणी हळूहळू त्या आकड्यावर आणून ठेवतात, कारण दुकानात ते 1.020 वर ठेवतात आणि माझ्याकडे 1.025 आहे, ही उडी एकदम घेतली तर मासा आतून सुकतो. आकडा बरोबर यायला आपला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, खरा हवा, माझा चुकीचा दाखवत होता, त्यांनीच 35 खारटपणाच्या ठरलेल्या द्रावणावर लावून दिला. खंडाळ्याच्या घाटात एकदा आम्ही दोन तास अडकलो होतो, मे महिना, एसी फुल्ल करून खोकं मांडीवर घेऊन बसले, घरी येईपर्यंत साडेपाच तास झाले, तिघेही हेनिओकस ठणठणीत निघाले. पिशवी फार वेळ बंद राहिली असेल तर उघडून तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका, उघडल्यावर आतला अमोनिया जास्त विषारी होतो, तापमान जुळवा आणि मासा लगेच क्वारंटाइनच्या टाकीत हलवा, हे त्यांनीच सांगितलं होतं. हो, त्यांच्याकडे महिना काढलेला मासाही मी घरी चार आठवडे वेगळा ठेवते. काकांना राग येत नाही, उलट तेच म्हणतात ठेवा.

आता अर्धा स्टार. फोन उचलत नाहीत, मेसेजला दोन-तीन दिवसांनी उत्तर येतं, आणि रात्री मासा लोळायला लागला की दोन दिवस फार मोठे असतात. एखादा मुलगा फोनवर बसवावा, एवढं चांगलं काम करणाऱ्यांनी हे नक्की करावं. दुसरं जास्त लागलेलं म्हणजे पुढच्या टाकीत क्लीनर रास ठेवलेले असतात. तो निळा बारीक मासा दुसऱ्यांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, निरोगी टाकीत त्याला पोटभर कुठून मिळणार, बरेचसे झुरून जातात. मी काकांना विचारलं, म्हणाले गिऱ्हाईक मागतं. समुद्रघोड्याला नाही म्हणणाऱ्या माणसाने यालाही नाही म्हणावं असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहिते. त्याऐवजी क्लीनर कोळंबी आहे, लाल अंगावर पांढरी रेघ असलेली, ती बाकीचंही खाते आणि तगते, माझ्याकडे दोन आहेत, हेनिओकस रांग लावून त्यांच्याकडून तोंड साफ करून घेतात.

पार्किंग नाही. सोमवारी बंद. शिपमेंट आली त्या दिवशी जाऊ नका, काका मागच्या खोलीतून बाहेर येत नाहीत.

शेवटचा मासा अजून त्यांच्याकडेच आहे. पावडर ब्लू टँग, लक्षद्वीप-मालदीवच्या बाजूला असतो, आभाळी निळा, पाठीवर पिवळा पर, काळं तोंड. इच सगळ्यात आधी यालाच धरतो आणि स्वभावाने तापट, म्हणून यादीत सगळ्यात शेवटी. नवव्या फेरीत दिसला, निम्मे पैसे भरले, रिकाम्या हाताने आले. परवा मेसेज केला होता, आज उत्तर आलं, वहीच्या पानाचा फोटो. "19 नोरी पूर्ण संपवली. 20 नोरी, मायसिस, दोन्ही. ठिपका नाही." खाली लिहिलंय, ताई अजून दहा दिवस. थर्मोकोलचं खोकं धुऊन गच्चीवर वाळत घातलंय.